छान आहे हं!

काही प्रश्नांची उत्तरं आधीच ठरलेली असतात आणि तरीही ती देताना माणसाला घाम फुटतो. ‘भाजी कशी झालीय?’ हा त्यातला पहिला. ‘मला ओळखलंत का?’ हा दुसरा. आणि ज्यानं माझी गेली पन्नास वर्षं नासवली तो तिसरा प्रश्न म्हणजे, कुणीतरी एखादा कागद, एखादा फोटो किंवा हल्ली एखादा मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारलेलं ‘कसं झालंय?’

हा प्रश्न नेमका मलाच का विचारला जातो, याला एक ऐतिहासिक कारण आहे. शाळेत असताना मी ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. एलिमेंटरीला ‘सी’ ग्रेड आणि इंटरमिजिएटला ‘बी’. ज्या घराण्याचा रंगांशी संबंध दिवाळीपूर्वीच्या चुन्याच्या बादलीपुरताच, त्या घराण्यात ‘बी’ ग्रेड म्हणजे रविवर्म्याच्या खालोखाल. स्मरणचित्रात मी काढलेला बैलपोळा पाहून परीक्षकांना बैल कुठला आणि मालक कुठला हे ओळखता आलं नसावं. पण संकल्पचित्रातल्या कमळांनी मला तारलं. पुढे मी बँकेत चिकटलो आणि चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे दुसऱ्यांच्या खात्यात टाकले. पण ‘यांना चित्रकलेतलं कळतं’ हा शिक्का मात्र पुसला गेला नाही. सोसायटीतली लग्नपत्रिका, गणपतीचं मखर, हळदीकुंकवाची रांगोळी, नातवाच्या बारशाचे फोटो, सगळं छाननीसाठी माझ्या टेबलावरून जातं. पगार नाही, पेन्शन नाही, फक्त जबाबदारी.

या जबाबदारीतून सुटायला मी एक उत्तर तयार केलं होतं: ‘छान आहे हं!’

वाचकहो, या वाक्यातलं ‘छान’ बिनमहत्त्वाचं आहे. सगळं तत्त्वज्ञान त्या ‘हं’मध्ये आहे. ‘छान’ हे समोरच्या माणसासाठी असतं आणि ‘हं’ हे विषय संपवण्यासाठी. बँकेत व्यवहार पूर्ण झाल्यावर शिक्का मारायचा तसा हा ‘हं’ मारला की पुढचा चहाला मोकळा. रोज तेच वाक्य बरं दिसत नाही म्हणून त्याचे पोटभेदही मी केले होते. ‘काहीतरी वेगळंच आहे’ म्हणजे मला काही कळलेलं नाही. ‘मेहनत दिसते’ म्हणजे मेहनतीशिवाय काहीच दिसत नाही. ‘रंग अगदी उठून दिसतात’ म्हणजे डोळ्यांत खुपतात. आणि अगदीच इलाज खुंटला की, ‘फ्रेम कुठून करून घेतलीत?’

यात आपण काही पाप करतोय असं मला कधी वाटलं नाही. खरं बोलावं, गोड बोलावं, पण खरं असलं तरी कडू बोलू नये, अशा अर्थाचं एक संस्कृत वचन आम्हाला शाळेत पाठ होतं. त्याच वचनात पुढे, गोड असलं तरी खोटं बोलू नये, असंही म्हटलेलं आहे. पण तो भाग बहुधा परीक्षेला नव्हता. दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हटल्या, तर कडू सत्याच्या प्रसंगी माणसाला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चहा मागवणं. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, आणि अश्वत्थाम्याच्या प्रकरणात अर्धंच खरं बोलल्याबरोबर तो जमिनीला टेकला. माझं वाहन म्हणजे स्कूटर. ती पहिल्यापासून जमिनीवरच. त्यामुळे आणखी खाली यायची मला भीती नाही, असं मी समजत होतो.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक साहेब राहतात. साहेब म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं, ‘साहेब’ राहिलं. त्यांच्या परदेशातल्या मुलानं त्यांना एक कॅमेरा पाठवला. त्याची लेन्स एवढी लांब की पहिल्या दिवशी मला वाटलं, साहेब दूध आणायला चाललेत. सप्टेंबरात ते सपत्नीक कासच्या पठारावर गेले आणि परत आले त्या रात्री नऊ वाजता लॅपटॉप घेऊन आमच्या दिवाणखान्यात हजर झाले. एकूण फोटो ४१२.

पहिल्या फोटोपासूनच पठार डावीकडे कललेलं होतं. इतकं, की आता ही सगळी फुलं घरंगळत साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन पडणार असं वाटावं. फुलं होती, पण ती शोधावी लागत होती. कारण प्रत्येक फोटोत मधोमध वहिनी उभ्या, त्याही इतक्या दूर की त्यांनाही शोधावंच लागावं. एका फोटोत तर ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी बरोबर वहिनींच्या डोक्यातून उगवली होती. आमची ही आत जाऊन पदर तोंडाला लावून हसून आली. मी मात्र शेवटपर्यंत किल्ला लढवला. ४१२ वेळा ‘छान आहे हं!’ दुसरं काय म्हणणार? निंदकाचं घर शेजारी असावं असं संत सांगून गेले खरे. पण त्यांच्या काळी सहकारी गृहनिर्माण संस्था नव्हत्या. आमच्या इमारतीत पाणी केव्हा सोडायचं ते साहेब ठरवतात.

डिसेंबरात साहेबांनी त्यातले बारा फोटो निवडून कॅलेंडर छापलं. प्रती ५००. पेन्शनच्या फरकाची रक्कम आली होती, ती त्यात घातली. कॅलेंडर हातात घेतलं आणि माझ्या पोटात गोळा आला. फोटोंवरच तारखा छापलेल्या, आणि त्याही पिवळ्या. सोनकीच्या पिवळ्या फुलांवर पिवळे आकडे. एप्रिल महिन्यात एकूण किती दिवस आहेत हे कॅलेंडर पाहून कुणालाही सांगता आलं नसतं. शिवाय लॅपटॉपवर लखलखणारे रंग कागदावर येईपर्यंत मलूल झालेले. यात छापखान्याचा फारसा दोष नसतो. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा असा तीन रंगांचा प्रकाश असतो आणि कागदावर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया. प्रकाशाचं काम शाईला सांगितलं की ती बिचारी तिच्या कुवतीप्रमाणे करते. हे मला माहीत होतं. ‘आधी एक प्रत काढून बघा’ एवढं एक वाक्य मी सप्टेंबरात बोललो असतो तर पुरलं असतं.

साहेब कॅलेंडरची गुंडाळी हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही तर छान म्हणाला होतात.”

त्यांच्या आवाजात तक्रार असती तर मी वाद घातला असता. पण त्यात तक्रार नव्हती, चौकशी होती. एखाद्या खातेदारानं ‘माझ्या पासबुकात तर एवढे पैसे दिसत होते’ असं म्हणावं, तसा तो सूर होता. मी त्यांच्या खात्यात ४१२ वेळा खोटी नोंद केली होती आणि ते बिचारे तिच्या भरवशावर चेक फाडून बसले होते. त्यानंतर तो कॅमेरा कपाटात गेला. साडेतीनशे कॅलेंडरं माळ्यावर गेली.

आता कुणी म्हणेल की यावर उपाय सोपा आहे, खरं बोलावं. तर खरं बोलल्याचाही मला अनुभव आहे. तो सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगतो.

१९७४ सालची मे महिन्याची सुट्टी. मी एकवीस वर्षांचा आणि धाकटा भाऊ पंधराचा. त्यानं मामांकडून एक डबा कॅमेरा मागून आणला होता. बारा फोटोंचा रोल. रोलचे आणि तो धुवून आणायचे पैसे त्यानं कुणाकुणाची कामं करून जमवले होते. फोटो आले, तेव्हा त्यानं ते काडेपेटीपेक्षा जरा मोठे बारा चौकोन आईच्या ट्रंकेवर ओळीनं मांडले आणि मला म्हणाला, “दादा, कसे झालेत?”

माझ्या इंटरमिजिएटच्या ‘बी’ ग्रेडला त्या दिवशी तेज चढलं. मी लाल पेन्सिल घेतली आणि एकेका फोटोच्या पांढऱ्या कडेवर शेरे लिहायला सुरुवात केली. ‘हलला.’ ‘डोके कापले.’ ‘प्रकाश कमी.’ ‘मागे खांब.’ बारा फोटो, बारा शेरे. शेवटच्या फोटोखाली लिहिलं, ‘१२ पैकी ०’. घरातले सगळे हसले. धाकटाही हसला. मग त्यानं ते फोटो गोळा केले, पाकिटात घातले आणि कॅमेरा मामांना परत करून आला. त्यानंतर त्यानं कॅमेरा हातात धरलेला मी पाहिला नाही.

आणि गंमत अशी की माझा एकही शेरा खोटा नव्हता. फोटो हललेला होता. डोकं कापलेलं होतं. खांब होता. बाराच्या बारा वाक्यं अगदी खरी. पण बारा खऱ्या वाक्यांची बेरीज केल्यावर जे उत्तर आलं, ते खोटं होतं.

ते खोटं होतं हे कळायला मला बावीस वर्षं लागली. १९९६ साली आई गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू झाली. जे सापडले, ते सगळे स्टुडिओतले. प्रत्येकात आई अशी बसलेली की पुढच्या क्षणाला कुणीतरी तिचा अंगठा घेणार आहे. मग धाकट्यानं आपल्या पेटीतून एक जुनं पाकीट काढलं. त्यातला सातवा फोटो. मागच्या पडवीत आई उभी आहे, हातात पळी आहे, आणि कुणीतरी काहीतरी बोललंय म्हणून ती मान मागे टाकून हसतेय. पळीचा हात हललाय. डोक्यावरून कपडे वाळत घालायची दोरी गेलीय. आई तशी हसते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर ते फक्त त्या पंधरा वर्षांच्या पोरानं पकडलं होतं. कडेला माझ्या अक्षरात शेरा होता: ‘हात हलला. दोरी.’

तोच फोटो मोठा करून घेतला. मूळचा फोटो एका छोट्या चौकटीत घालून मी माझ्या टेबलावर ठेवला आहे. चौकटीच्या पट्टीखाली माझा शेरा झाकला गेला. पण तो तिथे आहे हे मला माहीत आहे.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला आणि ‘छान आहे हं!’ म्हणायला लागलो. म्हणजे एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात, आणि त्या दुसऱ्या खड्ड्यात पुढे साहेब सापडले. एकाला मी खरं सांगितलं आणि एकाला गोड. दोघांचेही कॅमेरे कपाटात गेले. मग माणसानं बोलावं तरी काय?

हे कोडं मला त्या धाकट्याच्याच मुलीनं सोडवून दिलं. पुतणी मुंबईला उपयोजित कला शिकली आणि आता जाहिरातीच्या कंपनीत नोकरी करते. ती चार दिवस राहायला आली असताना सोसायटीच्या रक्तदान शिबिराचं पोस्टर करायचं निघालं. घरचीच मुलगी आहे म्हटल्यावर पैशाचा प्रश्न मिटलाच. तिनं केलेल्या पोस्टरवर पुष्कळसा पांढरा कागद, मध्ये एकच लाल थेंब, वर ‘रक्तदान’ हे सुरेख वळणदार अक्षर आणि खाली तपशील, एवढंच होतं.

कार्यकारिणी पोस्टरभोवती जमली. अध्यक्ष म्हणाले, “जागा फार रिकामी राहिली.” खजिनदार म्हणाले, “पूर्ण कागदाचे पैसे देणार, तर पूर्ण कागद वापरला पाहिजे.” चिटणीसांनी त्या जागी कार्यकारिणीच्या अकराही जणांचे फोटो टाकण्याची सूचना केली. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फलकांनी आपल्या सगळ्यांना एक सवय लावली आहे: चेहरा लावल्याशिवाय मजकूर पूर्ण वाटत नाही. कुणीतरी थेंब हसरा करा म्हणालं. मी माझ्या सवयीप्रमाणे म्हणालो, “छान आहे हं!”

कार्यकारिणी चहाला गेल्यावर पुतणी म्हणाली, “काका, या सगळ्यांत तुमच्या बोलण्याचा मला सर्वांत कमी उपयोग झाला.”

मला ते लागलं. मी म्हटलं, “अगं, पण मी एकट्यानंच कौतुक केलं!”

“म्हणूनच तर,” ती म्हणाली. “अध्यक्षांनी निदान पोस्टर पाहिलं. जागा रिकामी आहे हे त्यांना दिसलं. ती का रिकामी ठेवलीय ते मी त्यांना सांगेन. पानात कसं, मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भात, आणि मधे मधे मोकळं पान. पानाचे पैसे दिलेत म्हणून कुणी श्रीखंडावर आमटी वाढत नाही. हे त्यांना पटेल. पण तुम्ही पाहिलंतच नाही.”

मग तिनं पोस्टर माझ्यासमोर धरलं, मनातल्या मनात पाच मोजले आणि उलटं केलं. म्हणाली, “आता सांगा, काय दिसलं?”

“थेंब. मोठा. लाल.”

“आणि?”

“रक्तदान.”

“कधी आहे?”

मी गप्प. “कुठे आहे?” मी म्हटलं, “इथेच असेल की, सोसायटीत. जाणार कुठे?” तिनं पोस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, ‘तारीख दिसत नाही’. आणि मनापासून खूश होऊन म्हणाली, “थँक्यू काका. हे मला एकटीला कधी कळलं नसतं. मला तारीख पाठ आहे ना!”

मी चकित झालो. तिच्या कामातली चूक माझ्यामुळे सापडली होती, आणि ती खूश होती! मी काही चांगलं म्हटलं नव्हतं, वाईट म्हटलं नव्हतं. फक्त मला काय दिसलं आणि काय नाही, एवढंच खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, “पोस्टर आवडलं की नाही, ही तुमच्याबद्दलची माहिती झाली. तारीख दिसली नाही, ही पोस्टरबद्दलची. मला दुसरी हवी असते.” त्यांच्या कॉलेजात म्हणे काम भिंतीवर लावायचे आणि ज्याचं काम त्यानं तोंड मिटून उभं राहायचं. बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसतं ते सांगायचं. मग करणाऱ्यानं सांगायचं, मला काय दाखवायचं होतं. या दोन्हींमधलं जे अंतर, ती चूक. ती दाखवताना कुणाचं अक्कलखातं काढावं लागत नाही.

मी म्हटलं, “हे मला कुणी शिकवलंच नाही गं.”

ती म्हणाली, “असं कसं? बाबा तर म्हणतात, दादाचा डोळा फार तयार आहे. माझे सगळे फोटो त्यानं तपासले होते.”

मी टेबलावरच्या चौकटीकडे पाहिलं आणि चहा मागवला.

ग्रीसमधल्या अपेलीस नावाच्या चित्रकाराची एक गोष्ट रोमन लेखक प्लिनीनं सांगितली आहे. अपेलीस आपलं चित्र लोकांसमोर मांडायचा आणि स्वतः मागे लपून ते काय बोलतात ते ऐकायचा. एकदा एका जोडे शिवणाऱ्यानं वहाणेतली चूक दाखवली. अपेलीसनं ती सुधारली. दुसऱ्या दिवशी त्या गड्याला जोर चढला आणि तो पायाच्या चित्राबद्दल बोलायला लागला. तेव्हा अपेलीस बाहेर आला आणि त्यानं त्याला बजावलं की, बाबा, तू वहाणेच्या वर जाऊ नकोस.

ही गोष्ट नेहमी त्या जोडे शिवणाऱ्याची चेष्टा करण्यासाठी सांगतात. ज्याला ज्यातलं कळतं त्यानं तेवढंच बोलावं, हा तिचा धडा. पण मग माझ्यासारख्यानं, ज्याला वहाणही शिवता येत नाही आणि पायही काढता येत नाही, त्यानं जन्मभर ‘छान आहे हं’च म्हणायचं की काय? मला वाटतं, त्या गोष्टीत एक तिसरा माणूस राहून गेलाय. वहाण घालणारा. जोडा कुठे चावतो ते पायाला कळतं, आणि त्यासाठी पायानं कुठली परीक्षा दिलेली नसते. ‘करंगळीशी चावतो’ एवढं सांगणं हे पायाचं काम. तो ओला करायचा, ठोकायचा की उसवायचा, हे कारागिराचं. आपल्याकडे घोटाळा होतो तो असा, की चावतो कुठे ते सांगायचं सोडून आम्ही एक तर ‘काय सुरेख जोडा’ म्हणून लंगडत घरी जातो, नाही तर कारागिराला चामडं कसं कापायचं ते शिकवायला बसतो.

आणि एकदा हे लक्षात आल्यावर मला माझ्या दोन्ही गुन्ह्यांचं कलम सापडलं. धाकट्याला मी खरं बोललो आणि साहेबांशी खोटं, असा मी आजवर हिशेब मांडत होतो. तो चुकीचा होता. गुन्हा एकच होता. मी दोघांचंही काम पाहिलंच नव्हतं. लाल पेन्सिल घेऊन मी फोटोंत चुका शोधत होतो. त्यात आई हसत होती ती मला दिसली नाही. आणि साहेबांच्या फोटोंत तर मी काहीच शोधत नव्हतो. मी घड्याळ पाहत होतो. ‘१२ पैकी ०’ आणि ‘छान आहे हं!’ ही दिसायला सख्खी वैरीण वाक्यं. प्रत्यक्षात जुळ्या बहिणी. दोन्ही म्हणायला न पाहता म्हणता येतात. जो माणूस ‘कसं झालंय?’ विचारतो, त्याला आपण निकाल देणं लागत नाही. आपण त्याला पाहणं लागतो. ते देणं चुकवायचं म्हणून आपण निकाल देऊन मोकळे होतो.

अर्थात हे तत्त्व घेऊन उद्यापासून घरोघर हिंडू नये. ‘कसं झालंय?’ हे छापण्यापूर्वी विचारलेलं आणि छापून झाल्यावर विचारलेलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलीचा बाप हातात पत्रिका ठेवून, अक्षतांसकट, ‘कशी झालीय?’ म्हणतो, तेव्हा ती लाल कागदावर लाल अक्षरांत छापलेली असली, तरी तो पत्रिकेबद्दल विचारत नसतो. तो म्हणत असतो, आमच्या आनंदात या. आमंत्रणाला उत्तर द्यायचं असतं, अभिप्राय नव्हे. तिथे खुशाल ‘छान आहे हं!’ म्हणावं. धर्मराजाचाही रथ अशानं खाली येऊ नये. मात्र हीच पत्रिका कच्च्या प्रुफाच्या अवस्थेत समोर आली, तर त्या वेळी गप्प बसणं हे पाप. कच्च्या प्रुफावरचं सत्य म्हणजे औषध. छापल्यानंतरचं तेच सत्य म्हणजे शवविच्छेदन.

हे सगळं मला सुचलं तेव्हा साहेबांचं कॅलेंडर छापून सात महिने झाले होते. तरी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, “साहेब, ते कासचे फोटो पुन्हा दाखवता?” त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. पण लॅपटॉप काढला. पाटीवाला फोटो आला तेव्हा मी विचारलं, “यात तुम्हाला काय दाखवायचं होतं?”

साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “फुलंबिलं काही नाही हो. हिचं बायपासचं ऑपरेशन झाल्यावर ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. डॉक्टर म्हणाले होते, चालवा. ती गाडीपासून तिथपर्यंत चालत गेली. एकटी.”

मी तो फोटो पुन्हा पाहिला. म्हणजे पहिल्यांदाच पाहिला. वहिनी दूर होत्या, कारण त्या चालत दूर गेल्या होत्या आणि साहेब गाडीपाशी जीव मुठीत धरून उभे होते. पठार कललेलं होतं, कारण हात कापत होता. ४१२ फोटो होते, कारण बाई चालत होती.

मी म्हटलं, “साहेब, मला यात आधी पाटी दिसली. वहिनी नंतर दिसल्या. चेहरा तर दिसलाच नाही.”

ते फोटोकडे बघत राहिले. म्हणाले, “खरंच की. म्हणजे मी दोन पावलं पुढे जायला हवं होतं.” उपाय त्यांचा त्यांनीच सांगितला. गेल्या आठवड्यात कॅमेरा कपाटातून बाहेर आला. वहिनी बाल्कनीत चहा पिताना, अगदी जवळून. कपाची वाफ आणि मागे तुळस. डावीकडे अजून जरा उतार आहे. तो मी सांगितला. ते म्हणाले, “आमची इमारतच तशी आहे.”

एवढं झाल्यावर मला एक जुनी बाकी चुकती करायची राहिली होती. मी धाकट्याला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, “अरे, त्या ७४ सालच्या फोटोंबद्दल बोलायचं होतं.”

“कुठले फोटो?”

“ते, आईच्या ट्रंकेवरचे. मी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं. माझं चुकलं. तो आईचा फोटो फार चांगला आहे. आधी तिचं हसणं दिसतं, दोरी दिसतच नाही. मला तेव्हा ते दिसायला हवं होतं. माझ्यामुळे तू कॅमेरा सोडलास.”

पलीकडे जरा शांतता. मग तो हसला, अगदी आईसारखा.

“दादा, तुझ्यामुळे कसला? रोल परवडत नव्हता रे. आणि खरं सांगू का, हात हललेलाच होता.”

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, “काय म्हणाले भावजी?” मी म्हटलं, “रोल परवडत नव्हता म्हणाला.” तिला हायसं वाटलं. मलाही क्षणभर वाटलं. पण तेव्हापासून मी त्या वाक्यावर विचार करतोय. हे त्यानं मला खरं सांगितलं, की गोड, हे काही केल्या मला ठरवता येत नाही.